कोवळं, जून, पिकलं : रत्नागिरीच्या परसातला स्वयंपाक

फणसाला पौष-माघात कुयऱ्या धरतात. शिमग्याच्या सुमारास त्या नारळाएवढ्या होतात आणि रत्नागिरीकडच्या घरांत कुयरीची भाजी सुरू होते. विळीला आणि हातांना आधी खोबरेल चोळायचं, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. काटेरी साल काढून मोठाले तुकडे करायचे, वाफवायचे, ठेचून मोकळे करायचे आणि मोहरी, हिंग, लाल मिरचीच्या फोडणीवर भिजवलेले वाल नाहीतर काळे वाटाणे घालून परतायचे. वर ओलं खोबरं. चैत्रात तोच फणस भरतो, आत गरे धरतात, पण गोडी अजून यायची असते. मग गऱ्यांची भाजी, तळलेले गरे, वाफवून कांडलेल्या गऱ्यांचे पापड आणि बरणीत मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेले खारे गरे. वैशाखात फणस पिकतो. कापा निघाला तर फोडून अंगणातच संपतो. बरका निघाला तर त्याचा रस काढून तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून सांदणं होतात, उरलेला रस ताटांना तेल लावून त्यावर पसरला की फणसपोळी. मृगाचा पाऊस चांगला लागला की फणस पाणचट होतो आणि माणसं खायची थांबतात. तोवर आठळ्या धुऊन, सुकवून, मातीत किंवा राखेत घालून कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. त्या श्रावण-भाद्रपदापर्यंत अळूच्या फदफद्यात आणि सुकटीच्या कालवणात पडत राहतात.

एका झाडाची ही साताठ महिन्यांची हजेरी. तेवढ्यात त्याच्यापासून भाजी, तळण, पापड, खारवण, गोडधोड आणि पुन्हा भाजी असं सगळं होतं, आणि दर वेळी घरातल्या बाईला ठरवायचं असतं ते एवढंच, की आज हे फळ कोणत्या वयाचं आहे. माझ्या मते आमच्याकडच्या घरगुती स्वयंपाकाचं मर्म इथे आहे. बाजारावर चालणाऱ्या स्वयंपाकघरात पदार्थ आधी ठरतो आणि सामान मागून येतं. परसावर चालणाऱ्या स्वयंपाकघरात सकाळी मागीलदारी जाऊन बघावं लागतं : कोवळं काय आहे, जून व्हायला काय लागलंय, आज उतरवलं नाही तर उद्या वाया काय जाईल. जेवण त्यावरून ठरतं. शहाळं, अडसर आणि पक्का नारळ यांचे उपयोग वेगवेगळे. हळदीचं पान भाद्रपदात लागतं, कंद पौष-माघात निघतो. माठाचा पाला आधी खुडायचा, झाड उंच झालं की जाड देठांची वाल घालून भाजी. मुळ्याचा पाला, मग मुळा, आणि तुरा येऊन गेला की डिंगऱ्या. चवळीच्या शेंगा, ओले दाणे, सुके दाणे. केळीचं केळफूल, हिरवी केळी, पिकली केळी आणि घड उतरल्यावर खोडातला पांढरा गाभा.

म्हणून या संग्रहाची मांडणी नेहमीच्या पाकपुस्तकासारखी केलेली नाही. आमटी, भाजी, कोशिंबीर, पक्वान्न अशी प्रकरणं इथे सापडणार नाहीत. प्रकरणं महिन्यांची आहेत, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि प्रत्येक महिन्यात त्या वेळी परसात जे असतं त्याचे पदार्थ आहेत. फणस त्यामुळे पाच ठिकाणी विखुरलेला दिसेल. तो झाडावर तसाच वेळोवेळी येतो.

परस म्हणताना डोळ्यांपुढे काय आणायचं ते सांगायला हवं, कारण रत्नागिरी जिल्ह्यात परसही एका तऱ्हेचं नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन जांभ्याची. सड्यावर तर नुसता कातळ, मातीचा थर वीतभरसुद्धा नाही. एवढं पाणी पडूनही चैत्र-वैशाखात विहिरींचे तळ दिसतात. किनाऱ्यावरच्या गावांत, म्हणजे केळशी, आंजर्ले, मुरूड, गुहागर या पट्ट्यात, घरामागे समुद्राकडे उतरत जाणारी आगरं आहेत. वर नारळ, त्याखाली पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरवेल, मध्ये केळी आणि जायफळ, अगदी खाली अळू, हळद आणि अननस. पूर्वी या आगरांना विहिरीवरच्या रहाटाचं पाणी दगडी डोणीतून आणि पाटातून फिरायचं, आता पंप आहेत. लांजा, संगमेश्वर, राजापूरकडे आत गेलं की घरं उतारावर, जांभ्याच्या गडग्यात बसलेली. तिथलं परस म्हणजे घरामागचे चार वाफे, एक मांडव, न्हाणीच्या पाण्यावरची केळ, आणि जरा लांब उभी असलेली आंबा, फणस, काजू, रातांबा ही मंडळी. या चार झाडांना एकदा मुळं धरली की पाणी घालावं लागत नाही. ती आपला पावसाळा पोटात साठवून ठेवतात आणि सगळी एकाच उन्हाळ्यात फळतात.

इथून आमच्या स्वयंपाकाला वळण लागलेलं आहे. दोन-अडीच महिन्यांत सगळं एकदम येतं, इतकं की खाऊन संपत नाही. त्याच वेळी वाफ्यात हिरवं पान नसतं, कारण विहीर आटलेली असते. पावसाळ्यात पानं आणि वेल इतके माजतात की मांडव वाकतो, पण झाडांवर खायचं फळ नसतं आणि सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. अशा ठिकाणी राहायचं तर एका हंगामाचं जिन्नस दुसऱ्या हंगामात कसं पोचवायचं हे यावंच लागतं. कोकणातल्या बायकांनी ते शास्त्र बिनचूक बसवलेलं आहे, आणि मला त्याचा फार आदर वाटतो. शहरात आता हंगामी खाण्याचं महत्त्व नव्याने सांगितलं जातं, ते चांगलंच आहे. इथे मात्र ती आवड कधीच नव्हती, निकड होती, आणि निकडीतून चव निर्माण झाली.

परस आणि चूल यांच्यात दोन्हीकडून देवघेव असते, हे पाककृती वाचताना लक्षात ठेवावं. तांदूळ-भाज्या धुतल्याचं पाणी मोरीतून वाहत अळूच्या आळ्यात जातं. भाताची पेज गुरांना, गुरांचं शेण वाफ्याला. चुलीतली राख तर चारी दिशांना. बियाणं राखेत घोळवून ठेवलं की किडत नाही. काकडी-दोडक्यांच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे बसले की सकाळी दव असताना राख धुरळायची. ओले काजू सोलताना बोटांना राख लावायची. घरात गॅस आला, धुराने डोळे जाण्याची पाळी टळली, आणि ते फार बरं झालं. पण राख संपली, तेव्हा परसातली चार कामं एकदम अडली आणि त्यांच्यासाठी बाजारातून पुड्या आणाव्या लागल्या. मी अशी घरं बघितली आहेत जिथे गॅस आत असूनही पाणी तापवायची चूल पडवीत मुद्दाम राखलेली आहे. विचारलं तर उत्तर पाण्याचं मिळतं, पण राखेचा डबा जवळच असतो.

काजूबद्दल थोडं जास्त लिहितो. फाल्गुनात बी हिरवी असते तेव्हाच ती उतरवतात. विळीवर किंवा धारदार सुरीने उभी चिरायची आणि टोकदार काडीने आतला गर अलगद बाहेर काढायचा. टरफलात जे तेल असतं ते जाळतं. हातांना राख किंवा खोबरेल लावूनही बोटांची साल निघते. हे गर बाजारात वजनावर न मिळता शेकड्यावर मोजून मिळतात, आणि सोलणाऱ्या बाईचे हात पाहिले की त्यांची किंमत जास्त वाटेनाशी होते. कोमट पाण्यात टाकले की वरचं पातळ साल सुटतं. मग उसळ. कुणाकडे ओलं खोबरं, गूळ, आमसूल आणि गोडा मसाला, कुणाकडे कांदा-खोबरं भाजून वाटण. दोन्ही इथे दिल्या आहेत. सुक्या काजूची करून बघू नये. दुधाळ, किंचित करकरीत असा ओला गर दाताला लागतो, तसा तो लागत नाही. हे झाड मूळचं ब्राझीलकडचं, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आलं. आज काजूवाचून आमचा चैत्र होत नाही.

वैशाखात घराला आगोटीची घाई सुटते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी : लाकूडफाटा, शेणी, कडधान्य, मसाला, सुकी मासळी, आणि परसातलं सगळं जे उन्हात वाळवता येईल. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी, आंब्याच्या रसाची पोळी, पोह्यांची मिरगुंडं, सांडगी मिरची. यातलं आमसूल करणं जवळून बघण्यासारखं आहे, कारण वर्षभराची आंबट चव त्यावर उभी असते. रातांबे लालभडक पिकले की उतरवायचे, धुऊन फोडायचे, आतल्या बिया आणि गर एका भांड्यात काढून त्यात मीठ घालायचं. सालींच्या वाट्या उन्हात पसरायच्या. मिठाने गराला पाणी सुटतं, गडद जांभळं, हाताला डाग पाडणारं. संध्याकाळी सुकत आलेल्या वाट्या त्या रसात बुडवायच्या, रात्रभर ठेवायच्या, सकाळी पिळून पुन्हा उन्हात. याला पुट देणं म्हणतात. अशी पाच-सहा पुटं बसली की लाल साल काळी पडते, मऊ राहते आणि मीठ-आंबट तिच्यात पुरतं मुरतं. घाईत दोन-तीन पुटांवर उरकलेलं आमसूल लवकर कडक होतं आणि आमटीत रंग सोडत नाही. मीठ घालून गाळून ठेवलेला रस म्हणजे आगळ, सोलकढीसाठी. साखर घातली की सरबताचं अमृत कोकम. बियासुद्धा टाकत नाहीत. त्या वाळवून, कुटून, उकळून निघालेल्या घट्ट तेलाचे मुठीएवढे गोळे करतात, त्याला मुठेल म्हणतात, आणि पावसात भेगाळलेल्या टाचांना ते लावतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ अशी जास्त फळणारी वाणंही दिली. तरीही घरचं आमसूल घरच्याच पुटांनी चांगलं होतं. आणि ते होतं की नाही हे शेवटी वळवाच्या पावसावर. मेच्या मध्यावर आभाळ भरून आलं की प्रत्येक अंगणात धावपळ उडते, कारण एकदा भिजलेली वाट्यांची रास बुरशी धरते आणि पुन्हा रातांबे मिळतातच असं नाही.

आंबटाचं वर्षही असंच महिन्या-महिन्याने पुढे सरकतं. फाल्गुनापासून कैरी, ती डाळीत, माशात, जवळ्यात, सगळीकडे. ती पिकून संपली की नवी आमसुलं आणि चिंच. श्रावण-भाद्रपदात अंबाडे येतात, आठवडे मोजकेच, आणि तेवढ्यापुरते आमसुलाला सुट्टी. एकाच आमटीची चव यामुळे चैत्रात वेगळी आणि भाद्रपदात वेगळी लागते. पाककृतीत म्हणूनच ‘आंबट’ एवढंच लिहून कंसात त्या महिन्याचं फळ दिलं आहे.

मृगात बी पेरतात ते मांडवासाठी. बांबूच्या नाहीतर आयनाच्या मेढी रोवून वर काटक्यांचं छत करायचं, आणि आळ्याआळ्यांतून पडवळ, दोडकी, कारली, घोसाळी, काकडी त्यावर सोडायची. पडवळ सरळ लांब वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. दापोलीचं विद्यापीठ १९७२ सालचं. मांडवासाठी त्यांनी काढलेली पडवळाची ‘कोकण श्वेता’, कारल्याची ‘कोकण तारा’, दोडक्याची ‘कोकण हरिता’ ही वाणं आज पुष्कळ परसांतून दिसतात. ही संकरित नाहीत, त्यामुळे बी धरून ठेवता येतं, आणि परसाला तेच लागतं. मांडवाच्या खाली, सावलीत, मुलांचा पाऊसभर वावर असतो. बांधावर आणि वरकस उतारावर तवशी आणि चिबूड. तवसं म्हणजे हातभर लांबीची पावसाळी काकडी; ती कोवळी असताना कोशिंबीर, जून झाली की किसून तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस. धोंडस जाड बुडाच्या भांड्यात, खाली-वर निखारे ठेवून करतात. गॅसवर कसं करायचं तेही सांगितलं आहे, पण ती खरपूस गुळाची कड त्यात तेवढी येत नाही. चिबूड पिकला की आपोआप तडकतो, आणि तडकल्यावर त्याच दिवशी खावा लागतो. तो दूरच्या बाजारात जात नाही. ज्याच्याकडे वेल आहे त्यानेच तो खायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा.

रानातलंही या चार महिन्यांत परसात येतं. पहिल्या सरींनंतर टाकळा आणि कुर्डू तर दारातच उगवतात, भारंगी आणि फोडशी जरा वर चढून आणावी लागते, फागलं कुंपणाच्या वईवर सापडतं. भाजी कधीपर्यंत खायची हे वयावरच. टाकळ्याची कोवळी पानं मिटलेली असतात तोवर चव, फुलावर आला की कडवट होतो आणि मग त्याच्याकडे कुणी बघत नाही.

अळूचं वेगळं. ते बारा महिने न्हाणीच्या पाण्यावर तग धरतं आणि पावसात कमरेएवढं होतं. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं भाजीला. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळू पुरतं शिजवायचं आणि आंबट घालायला विसरायचं नाही. फदफद्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वैशाखातल्या आठळ्या, गूळ आणि आमसूल. म्हणजे पावसाळ्यातल्या एका भाजीत गेल्या उन्हाळ्यातल्या दोन वस्तू असतातच. मुळाशी खणलं की अळकुड्या.

परसाची खरी परीक्षा भाद्रपद शुद्ध पंचमीला होते. गणपती आलेला असतो, चाकरमानी मुंबईहून आलेले असतात, घर भरलेलं असतं, आदल्या दिवशी मोदकांसाठी हळदीची आणि केळीची पानं कापून झालेली असतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नेम. नांगरटीचं धान्य नाही, तर हाताने खणलेल्या मातीतलं तेवढंच. म्हणजे नेमाने परसातलंच. कुणी हा नेम कडक पाळतं, कुणी नुसती भाजी करतं, पण ऋषीची भाजी सगळीकडे होते आणि ती त्या दिवशी परसात काय आहे याची पूर्ण यादी असते. सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात घालून ठेवायच्या. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला सुरण, अळकुड्या, मक्याच्या कणसाचे तुकडे. अर्धवट शिजले की लाल भोपळा, पडवळ, दोडकं, काकडी, चवळीच्या शेंगा, भेंडी. सगळ्यात शेवटी चिरलेलं अळू आणि लाल माठ. हिरव्या मिरच्या, मीठ, अंबाडे ठेचून किंवा चिंच, भरपूर ओलं खोबरं. तेल नाही, फोडणी नाही, मसाला नाही. पाणी अगदी थोडं, कारण भाज्या आपलं पाणी सोडतात. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. या भाजीला लपायला जागा नसते. पडवळ कालचं असेल तर कळतं, भोपळा जून असेल तर कळतं. आणि तिच्यातला एक गमतीचा भाग असा की मका, लाल भोपळा आणि मिरची या तिन्ही वस्तू अमेरिका खंडातून आलेल्या आहेत, भेंडी आफ्रिकेकडची मानतात. ऋषींच्या नावाच्या नैवेद्यात त्या कधी मिसळल्या हे कुणी विचारलं नाही. हाताने लावलं आणि परसात रुजलं, एवढं पुरलं.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगता येतं. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर कुळीथ, कडवे वाल, चवळी पेरतात, वाफ्यांना विहिरीचं पाणी मिळतं तोवर वांगी, मिरची, मुळा, माठ. दिवाळीला नव्या भाताचे पोहे, पाच तऱ्हांचे; पहाटे कारीट फोडून झालं की तेच फराळाचे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास करांदे, कणगरं, कोनफळ खणून मिठात उकडायचे. वालाला मोड आणून, एकेक सोलून डाळिंब्यांची उसळ. आणि ज्या दिवशी परसात काही नसतं त्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात, जो आमच्याकडे कोणत्याही महिन्याच्या प्रकरणात बसतो.

मासळीचा उल्लेख अनेक पाककृतींत येईल. परसातला स्वयंपाक म्हणजे शाकाहारी स्वयंपाक असं समजून कुणी पुस्तक उघडलं तर त्याला आधीच सांगितलेलं बरं. खारवी, भंडारी, कुणबी, मराठा, दालदी, सगळ्यांच्या घरात परसातली भाजी मासळीच्या सोबतीने शिजते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा सुका जवळा वांग्यात, सोडे दोडक्यात किंवा शेंगांत, सुकट आठळ्यांत. कैरीतला ताजा जवळा तर मला चैत्रातला सर्वोत्तम पदार्थ वाटतो. तिरफळाचं झाड बांगड्याच्या कालवणाकरताच परसाच्या कडेला राखलेलं असतं.

आता जे घडतं आहे तेही लिहायला हवं. रत्नागिरीच्या बाजारातली रोजची भाजी आज मुख्यतः घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून आंबा घाट उतरून येते. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर बारा महिने सारखेच. परसं कमी होण्याची कारणं आळसात शोधू नयेत. वानरं आणि रानडुकरं हा खेड्यातल्या माणसाचा रोजचा जाच आहे. फळावर आलेला मांडव एका सकाळी उद्ध्वस्त झालेला पाहिला की पुढच्या मृगाला बी पेरायचा धीर होत नाही. तरणी माणसं मुंबई-पुण्याला, घरात दोन म्हातारे जीव, किंवा मे महिना आणि गणपती सोडून घराला कुलूपच. पाणी घालायला कोण? परस गेलं की पदार्थ लगेच जात नाही. आधी तो सणापुरता उरतो. ऋषीची भाजी वाटे करून, सगळं चिरलेलं, बाजारात मिळू लागली आहे आणि ज्यांच्याकडे दुसरी सोय नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. पण त्यात पडवळ कोणत्या वयाचं घालायचं हे ठरवणारं कुणी राहत नाही, आणि मग चव हरवली की दोष पदार्थाला लागतो. आता आणखी उशीर केला तर हे ज्ञान विचारायला माणसं उरणार नाहीत, ही भीती या संग्रहामागे आहे. ज्या बायकांनी हे सांगितलं त्यांपैकी बहुतेकींनी ‘यात काय लिहायचं?’ असं म्हणतच सांगितलं.

मापांविषयी. १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’ या पाकपुस्तकाने मराठी घराला वाटी-चमच्याच्या मापाची सवय लावली आणि नवख्याचं भलं केलं. इथेही वाटी-चमचाच आहे. मात्र नारळ, गूळ आणि आंबट यांची मापं ढोबळ धरावीत. शेजारच्या दोन झाडांच्या रातांब्यांतही फरक असतो. जिथे ‘कोवळं’ लिहिलं आहे तिथे ते कसं ओळखायचं तेही दिलं आहे. दोडक्याच्या शिरेला नख लागतं का, भेंडीचं टोक मोडतं का, पडवळ कापल्यावर बी पांढरी आणि मऊ आहे का, कुयरीत आठळी धरली आहे का. ही ओळख जमली तर घाटावरून आलेल्या भाजीतूनही बरंच निवडता येईल.

ज्यांच्याकडे आगर नाही, वाफाही नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी नक्की होण्यासारख्या आहेत. ठाणे-डोंबिवलीच्या बाल्कनीत मोठ्या डब्यात अळू लावावं. भांडी विसळल्याचं साबणाविना पाणी त्याला पुरतं, आणि पावसात चार-पाच वड्यांची पानं दर आठवड्याला निघतात. दुसरी हळद. वैशाखात एक कोंब आलेला गड्डा कुंडीत दोन-तीन बोटं खोल लावला की गणपतीत पातोळ्या आणि मोदकांपुरती पानं मिळतात. एका रोपाची दोन-तीनच कापावीत, आतलं नवं पान सोडून. मार्गशीर्षानंतर पानं पिवळी पडून सुकली की कुंडी उलटी करावी. ओल्या हळदीचं लोणचं माघाच्या प्रकरणात दिलं आहे, ते घालावं, आणि दोन गड्डे पुढच्या वैशाखासाठी कोरड्या मातीत ठेवावेत.